पांढरा शर्ट, काळा बिल्ला : मॉर्मन मिशनऱ्यांविषयीचे गैरसमज

इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात टाय, खिशावर काळा बिल्ला आणि सोबत तशाच वेषातला आणखी एक जण. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही जोडी ओळखीची असते. मनिला, साओ पावलो, आक्रा या शहरांत तर ती रोज दिसते. 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे या संप्रदायाचे पूर्ण नाव. जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. आज मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. 'मॉर्मन' हे टोपणनाव टाळावे, असे आवाहन चर्चचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 2018 मध्ये केले. वाचकांच्या परिचयाचा शब्द तोच असल्यामुळे इथे मात्र तो ठेवला आहे.

2024 च्या अखेरीस या चर्चचे 74,127 पूर्णवेळ प्रचारक जगभर काम करत होते, त्यांतले बहुतेक विशीच्या आगेमागे. इतके तरुण इतक्या उघडपणे हिंडत असताना त्यांच्याविषयीची माहिती मात्र बहुतांशी ऐकीवच. गणवेश चारचौघांना दिसतो. त्यामागचे वेळापत्रक, खर्चाचा हिशेब आणि नियम कोणी पाहिलेले नसतात. मग उरलेली जागा अफवा भरून काढतात.

मॉर्मन, आमिश आणि यहोवाचे साक्षीदार ही एकाच पंथाची नावे आहेत.

तिन्ही पंथ अमेरिकेत ठळकपणे दिसतात, तिघांचीही शिस्त कडक आणि त्यांतले दोन दारावर येतात, म्हणून ही गल्लत होते. आमिश घोडागाडीतून फिरतात आणि प्रचाराला कोणाच्या दारी जात नाहीत. 'टेहळणी बुरूज' हे मासिक घेऊन येतात ते यहोवाचे साक्षीदार. ते रक्त घेत नाहीत आणि वाढदिवस साजरे करत नाहीत. मॉर्मन वाढदिवसाला केक कापतात, रक्तदान करतात आणि त्यांच्या मिशनऱ्यांच्या हातात स्मार्टफोन असतो. बायबलच्या जोडीला ते 1830 मध्ये प्रथम छापलेला 'बुक ऑफ मॉर्मन' हाही धर्मग्रंथ मानतात. ते स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. मात्र त्रैक्याची पारंपरिक व्याख्या त्यांना मान्य नाही आणि त्यांचा बाप्तिस्मा आपण ग्राह्य धरत नाही, असा निर्णय व्हॅटिकनने 2001 मध्ये दिला. हा वाद धर्मपंडितांचा आहे. दारात उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी हुज्जत घालून तो सुटणार नाही.

या मुलांना पगार असतो, आणि माणूस बाटवला की वर कमिशनही.

सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत सहज खोडता येणारा समज हाच. मिशनऱ्याला पगार नसतो. उलट मिशनसाठी त्यालाच पैसे भरावे लागतात. अमेरिकेतल्या मुलासाठी ही रक्कम जुलै 2020 पासून महिना 500 डॉलर आहे. मुलांचे मिशन दोन वर्षांचे, म्हणजे एकूण 12,000 डॉलर. बरीच कुटुंबे मूल लहान असल्यापासून यासाठी पैसे बाजूला टाकतात आणि अनेक मुले शाळेत असतानाच उन्हाळी नोकऱ्या करून त्यात भर घालतात. 1991 पूर्वी ज्याला जिथे पाठवले तिथला खरा खर्च त्याच्या घरच्यांना सोसावा लागे. टोकियोला गेलेल्याचे आईवडील मेटाकुटीला येत आणि स्वस्त देशात गेलेल्याचे सहज निभावून नेत. आता पैसे एका सामायिक निधीत जमा होतात, कोणी कुठेही गेले तरी रक्कम तीच. गरीब देशांतल्या मुलांना कमी भरावे लागते, उरलेला भार निधी उचलतो. खोलीचे भाडे परस्पर भरले जाते, खाण्यापिण्याला आणि बसभाड्याला ठरावीक भत्ता मिळतो आणि महिनाअखेरीला तो पुरवता पुरवता नाकी नऊ येतात.

तरीही हा समज पटतो, कारण दारोदार फिरणारा माणूस म्हटला की विक्रेताच डोळ्यांसमोर येतो. धर्मांतरामागे परदेशी पैसा असतो, ही धारणा आपल्याकडे जुनी आहे. शिवाय आकड्यांचा ताण खरोखरच असतो: आठवड्यात किती जणांना शिकवले, किती जण रविवारी चर्चला आले, याचा अहवाल वर जातो. पण त्या आकड्यांवर कोणाला एक पैसाही मिळत नाही. नव्याने आलेल्या सभासदालाही पैसे मिळत नाहीत. उलट उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याची अपेक्षा त्याच्याकडून केली जाते.

मिशन म्हणजे घरच्यांच्या पैशाने जग पाहण्याची संधी.

कुठे जायचे हे निवडण्याची मुभाच नसते. डॉक्टर आणि दंतवैद्याकडून तपासणी, स्थानिक बिशपची मुलाखत, त्यांच्यावरच्या 'स्टेक' (अनेक मंडळ्यांचा गट) अध्यक्षांची मुलाखत आणि मग सॉल्ट लेक सिटीला अर्ज. तिथे चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वातल्या बारा प्रेषितांपैकी एक जण प्रत्येक अर्जावर ठिकाण ठरवतो. चर्चच्या श्रद्धेनुसार ही निवड दैवी प्रेरणेने होते. पूर्वी याचे पत्र मोठ्या पांढऱ्या लिफाफ्यातून येई आणि सारे नातेवाईक जमवून ते फोडले जाई. 2018 पासून ते ऑनलाइन येते, पण जमवाजमव तशीच. एकाला ब्राझील मिळते आणि त्याच्या वर्गमित्राला शेजारचे आयडाहो. परदेश मिळाला तरी पर्यटन जवळपास शून्य. नेमलेल्या हद्दीबाहेर परवानगीशिवाय जाता येत नाही. पॅरिसमध्ये महिनोन्‌महिने काढून लूव्र एखाद्याच वेळी पाहिलेला माजी मिशनरी भेटला तर आश्चर्य नको.

दिवसभर घंटा वाजवत फिरायचे, याहून दुसरे काम नाही.

दिवसाचा आराखडा साधारण असा : सकाळी साडेसहाला उठणे, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथाचे वाचन. त्यानंतर साथीदारासोबत अभ्यास आणि परकी भाषा असेल तर तिचा वेगळा तास. बाहेर पडायला दहा वाजतात. रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवे बंद. 2017 पासून स्थानिक रिवाजानुसार या वेळा थोड्या मागेपुढे करता येतात, कारण स्पेनमध्ये रात्रीचे जेवण होते त्या वेळी युटात लोक झोपायच्या तयारीत असतात.

मधल्या अकरा-बारा तासांत दारे ठोठावणे असते, पण ते शेवटचा उपाय म्हणून. अनोळखी दारातून फार थोडी माणसे हाती लागतात, हे चर्चला खूप आधी कळून चुकले आहे. आज बराचसा वेळ जातो तो सभासदांनी सुचवलेल्या ओळखींकडे जाण्यात, इंटरनेटवरून आलेल्या चौकशांना उत्तरे देण्यात, इंग्रजीचे मोफत वर्ग घेण्यात. कोणाचे घर हलवायचे असते, कोणाच्या अंगणातला बर्फ उपसायचा असतो. पूर किंवा वादळ आले की पिवळी जाकिटे घालून चिखल काढायचा असतो. मार्च 2020 नंतर करोनाच्या काळात हजारो मिशनऱ्यांना मायदेशी बोलावले गेले आणि उरलेल्यांनी खोलीत बसून फोनवर शिकवले. फोनवरचे शिकवणे त्यानंतर थांबलेच नाही.

धडे पाठ करून घडाघडा म्हणून दाखवतात, हाही समज यातलाच. एके काळी तो खरा होता. 2004 मध्ये आलेल्या नव्या मार्गदर्शिकेने पाठांतराची पद्धत मोडीत काढली आणि समोरच्या माणसाचे ऐकून त्यानुसार बोलायला सांगितले. सगळ्यांना ते जमतेच असे नाही. जेमतेम सहा-नऊ आठवडे शिकलेल्या भाषेत समोरच्याचे ऐकणे हीच मुळात परीक्षा असते.

आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवार, 'तयारीचा दिवस' म्हणून मिळतो. कपडे धुणे, इस्त्री, किराणा, केस कापणे, घरी ईमेल, जमलेच तर एखादा बास्केटबॉलचा डाव. संध्याकाळी पुन्हा बिल्ला लावून काम सुरू. चित्रपट, दूरदर्शन, मुलामुलींचे एकत्र फिरणे हे सारे या काळात वर्ज्य असते.

जोडी असते ती एकमेकांवर पाळत ठेवण्यासाठी.

हा समज निम्मा खरा आहे आणि म्हणूनच टिकून आहे. साथीदार दिवसरात्र एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असले पाहिजेत, असा नियम आहे. एकांत मिळतो तो न्हाणीघरात. एवढ्या कडक सोबतीने चुकारपणाला आळा बसतो, हे उघड आहे. पण या प्रथेची मुळे बायबलमध्ये आहेत : येशूने शिष्यांना दोघादोघांनी धाडले, तेव्हापासूनचा हा पायंडा. व्यवहारातली कारणेही आहेतच. परक्या शहरात अठरा-एकोणीस वर्षांचे मूल एकटे फिरू नये, घरी एकटीच बाई असताना एकट्या तरुणाने आत जाऊ नये आणि कोणी आरोप केला तर साक्षीला दुसरा माणूस असावा.

साथीदार निवडता येत नाही. मिशनचा अध्यक्ष जोड्या लावतो आणि साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते. कधी जोडी मोडते, कधी गाव बदलते, कधी दोन्ही. घोरणारा आणि झोप सावध असणारा, घासलेली भांडी पुन्हा घासणारा आणि भांड्यांना हात न लावणारा अशा जोड्या पडतात आणि त्या निभवाव्या लागतात. माजी मिशनऱ्यांच्या आठवणी काढून पाहिल्या, तर देवाइतकीच पाने साथीदारांनी अडवलेली असतात.

दोन वर्षे घरच्यांशी बोलायला बंदी असते.

कालपरवापर्यंत हे बरेचसे खरे होते. आठवड्याला एक पत्र किंवा ईमेल आणि वर्षातून दोन फोन, एक नाताळला आणि एक मातृदिनाला. 15 फेब्रुवारी 2019 पासून हा नियम बदलला आणि आता दर आठवड्याला फोनवर किंवा व्हिडिओवर घरच्यांशी बोलता येते. जुन्या मिशनऱ्यांना ही सवलत ऐकून थोडा हेवा वाटतो, आणि काहींच्या मते मुलांचे लक्ष यामुळे घरीच अडकून राहते. नियम पाळणारे नियमांवर कुरकुरतही असतात, ही गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

हे धर्मप्रचारक नाहीत. अमेरिकी गुप्तहेर खात्याची माणसे आहेत.

लॅटिन अमेरिकेत हा समज अनेक दशके टिकला. त्याला हसण्याआधी तो कशावर उभा होता ते पाहायला हवे. आखूड कापलेले केस, सरकारी नोकराला शोभेल असा पोशाख, अमेरिकी पासपोर्ट. वर्षभरातच स्थानिक भाषेवर, अगदी गल्लीतल्या शिव्यांसकट, पकड. परका सहसा पाऊल ठेवत नाही अशा वस्त्यांत पायी वावर. खिशात वही, वहीत नावे आणि पत्ते. दारू पीत नाहीत, मुलींच्या मागे लागत नाहीत आणि दर काही आठवड्यांनी माणूस बदलतो. अमेरिकेने चिलीत, ग्वातेमालात सत्तापालटासाठी काय केले होते हे ज्यांनी भोगले, त्यांनी या खुणांवरून भलताच निष्कर्ष काढला तर तो मूर्खपणा ठरत नाही. भरीस भर म्हणजे मिशनवरून परतलेले तरुण परकी भाषा बोलतात आणि त्यांना व्यसने नसतात, म्हणून अमेरिकी गुप्तचर संस्था त्यांना नोकरीत घ्यायला उत्सुक असतात, हेही जाहीर गुपित आहे.

चूक होते ती काळाच्या क्रमाची. नोकरी मिशननंतरची आणि स्वतंत्र. मिशनवर असताना हेरगिरी केल्याचा पुरावा आजवर समोर आलेला नाही. वहीतली नावे असतात 'पुन्हा भेटायला सांगितले' किंवा 'आजी आजारी, गुरुवारी जाणे' अशा नोंदींची. सहा आठवड्यांत बदली होणारा, दुपारचे जेवण कुठे मिळेल या विवंचनेत असलेला पोरगा हेर म्हणून कुचकामी. शिवाय हजारो मिशनरी आता अमेरिकी नाहीत. 1978 पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना या चर्चमध्ये पुरोहितपद नाकारले जात होते, हा त्याच्या इतिहासातला डाग आहे. ती बंदी उठल्यावर घाना आणि नायजेरियात चर्च वाढले आणि आज तिथली मुले स्वतः मिशनवर निघतात. घाना, फिलिपिन्स, मेक्सिको, ब्राझील इथे स्वतंत्र प्रशिक्षण केंद्रे आहेत.

या अफवेची किंमत माणसांनी चुकवली आहे. मे 1989 मध्ये बोलिव्हियातल्या ला पाझ इथे दोन तरुण अमेरिकी मिशनऱ्यांना एका अतिरेकी गटाने गोळ्या घातल्या. चिलीत त्या दशकात चर्चच्या इमारतींवर बाँबहल्ले होत होते. घानाच्या सरकारने जून 1989 मध्ये चर्चचे कामकाजच बंद केले. दीड वर्षाने चौकशीअंती ते पुन्हा सुरू झाले. तेव्हाही गावभर हेरगिरीचीच कुजबुज होती.

भारतात हे लोक अलीकडेच आले.

अमेरिकी माणूस म्हणजे जागतिकीकरणानंतरचा, असे गृहीत धरल्यामुळे हा समज झाला आहे. प्रत्यक्षात पहिला मॉर्मन प्रचारक कोलकात्यात 1851 मध्ये उतरला, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होण्याआधी. पुढच्याच वर्षी ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक मुंबईला आला आणि तिथून पुण्याला गेला. त्याच्याकडे संशयाने पाहिले ते पुणेकरांनी नव्हे, तर इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी. छावणीच्या हद्दीत राहून सोजिरांना उपदेश करायला त्याला मज्जाव झाला. तेव्हा छावणी सोडून तो गावाच्या बाजूला राहायला गेला, मराठी शिकला आणि मराठी लोकांना उद्देशून एक पुस्तिका त्याने मुंबईत छापून घेतली. हाती फारसे काही लागले नाही. 1856 च्या सुमारास ही मोहीम गुंडाळली गेली आणि जमलेल्या मोजक्या अनुयायांतले काही युटाला निघून गेले. आजचे काम पुष्कळ नंतरचे आहे : बंगळूरला मिशन 1993 मध्ये, हैदराबादला पहिला 'स्टेक' 2012 मध्ये. बंगळूरला मंदिर बांधण्याची घोषणा 2018 मध्ये झाली.

मॉर्मन पुरुषाला अनेक बायका असतात. ही मुलेही पुढे तेच करणार.

एकोणिसाव्या शतकात चर्चमध्ये बहुपत्नीत्व होते आणि ते चोरून नव्हते. 1890 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी ते थांबवल्याचे जाहीर केले, 1904 मध्ये त्याला शिक्षेची धार दिली गेली आणि तेव्हापासून असे लग्न करणाऱ्याला बहिष्कृत केले जाते. ज्या देशांत कायद्याने अशी लग्ने चालतात, तिथेही चर्च ती मान्य करत नाही. वृत्तवाहिन्यांवर दिसणारी अनेक बायकांची कुटुंबे वेगळ्या, फुटून निघालेल्या गटांची असतात. मिशनऱ्याला तर दोन वर्षे एकाही मुलीसोबत फिरायला परवानगी नसते.

चहा-कॉफी चालत नाही, म्हणजे कॅफिनला बंदी आहे.

जोसेफ स्मिथ यांनी 1833 मध्ये सांगितलेल्या आरोग्यसंहितेत दारू, तंबाखू आणि 'गरम पेये' वर्ज्य ठरली. चर्चने गरम पेयांचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावला. दोन्हींत कॅफिन असते, तेव्हा मनाई कॅफिनलाच असणार हा तर्क बाहेरच्यांनी केला, आणि पुष्कळ मॉर्मन घरांतही तोच चालला. चर्चने 2012 मध्ये खुलासा केला की कॅफिनवर अशी बंदी नाही. मिशनरी कोला पितात, आणि वरखर्चाला पैसे उरले तर भरपूर पितात.

मराठी घरात या प्रश्नाला वेगळाच पदर आहे. आलेल्याने चहा नाकारला की घरची बाई मनातून खट्टू होते. परक्या जातीधर्माचे म्हणून आपल्या हातचे नको, अशी शंका येते. तसे काही नसते. लिंबाचे सरबत, ताक किंवा पन्हे पुढे केले तर ही मुले दुसरा पेलाही मागतात.

ते 'जादूची' अंतर्वस्त्रे घालतात.

मंदिरातला विधी झालेले प्रौढ सभासद शर्ट-पँटच्या आत साधे पांढरे कपडे घालतात. मिशनरी निघण्याआधी हा विधी करतात, म्हणून तेही घालतात. देवाला दिलेल्या वचनांची आठवण राहावी, हा त्यामागचा हेतू. गळ्यातल्या जानव्याला जे स्थान तेच याला. या कपड्यांमुळे अपघातातून वाचल्याच्या कथा काही सभासद सांगतात आणि 'जादू' हा शब्द तिथूनच चिकटला. चर्चने 2014 मध्ये हे कपडे चित्रफितीतून जाहीरपणे दाखवले आणि यात जादू वगैरे काही नाही, असे स्पष्ट केले. लपवाछपवी संपल्यावर कुतूहलही ओसरायला हवे होते. ते ओसरलेले नाही.

मिशन सक्तीचे असते. न जाणाऱ्याला वाळीत टाकतात.

नियमाने सक्ती नाही. समाजाचा रेटा मात्र आहे, आणि हा फरक बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. प्रत्येक पात्र तरुणाने मिशनवर जावे, असे चर्चचे तत्कालीन अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी 1974 मध्ये सांगितले आणि मुलांसाठी ते आजही पुरोहितपदाचे कर्तव्य समजले जाते. न गेल्याची शिक्षा नाही. अमेरिकी फुटबॉलमधला नामांकित खेळाडू स्टीव्ह यंग हा चर्चचे दुसरे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांचा वंशज. तो मिशनवर गेला नाही, तरी समाजात त्याचे कौतुकच झाले. पण सगळे स्टीव्ह यंग नसतात. युटातल्या गावात सोबतची मुले भराभर निघून जातात, रविवारी चर्चमध्ये 'तुझे कधी?' असे विचारणारे दहा जण भेटतात. तिथे वीस वर्षांच्या मुलाला 'नको' म्हणायला धैर्य लागते.

त्याहून अवघड अवस्था होते मधूनच परतलेल्याची. आजारपण, नैराश्य, घरची अडचण, श्रद्धा डळमळणे अशी कोणतीही कारणे असोत, विमानतळावर फलक घेऊन उभे राहणारे नातेवाईक त्याच्या वाट्याला येतातच असे नाही. चर्चनेही हे ओळखले आहे. 2013 मध्ये मिशनऱ्यांसाठी ताण हाताळण्याची एक पुस्तिका निघाली. तिच्यात ताणाच्या पायऱ्या हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत दाखवल्या आहेत. लाल रंगात पोहोचल्यावर मिशन अध्यक्षाला कळवायचे आणि उपचार घ्यायचे. शारीरिक किंवा मानसिक कारणांनी परगावी जाऊ न शकणाऱ्यांना घरी राहून सेवा करण्याचा मार्गही आहे. 2024 च्या अखेरीस एकूण 31,120 सेवा-मिशनरी होते.

मुलींवर हे कर्तव्य कधीच लादलेले नव्हते. त्यांचे मिशन अठरा महिन्यांचे आणि ऐच्छिक. त्या नव्याने आल्या असेही नाही. इनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या दोन अविवाहित तरुणी 1898 मध्येच इंग्लंडला प्रचाराला गेल्या होत्या. 2012 मध्ये मुलींची किमान वयोमर्यादा 21 वरून 19 वर आणि मुलांची 19 वरून 18 वर आली, तेव्हा मुलींचे अर्ज धो धो येऊ लागले. 21 व्या वर्षी बऱ्याच जणींचे लग्न झालेले किंवा ठरलेले असे. 19 व्या वर्षी ती आडकाठी नसते, इतके साधे कारण. 2018 पासून त्यांना पँट घालायलाही परवानगी मिळाली. सायकलवरून फिरणाऱ्यांना ती इतक्या उशिरा मिळाली, याचेच नवल.

श्रद्धा पक्की असल्याशिवाय कोणी निघत नाही, आणि निघाल्यावर शंका येत नाही.

'द बुक ऑफ मॉर्मन' या 2011 च्या ब्रॉडवे संगीतिकेने या गणवेशाची यथेच्छ टर उडवली आणि नऊ टोनी पुरस्कार पटकावले. चर्चने खटला भरला नाही; उलट नाटकाच्या माहितीपुस्तिकेतच आपल्या ग्रंथाची जाहिरात दिली. रंगमंचावरचा हसरा, निःशंक मिशनरी तिथून जगभर पोहोचला. चेहऱ्यावरचे हसू हा कामाचा भाग असतो, त्यामुळे तो खराही वाटतो.

आकडे वेगळे सांगतात. 2024 मध्ये जगभर 3,08,682 नवे बाप्तिस्मे झाले. मिशनऱ्यांच्या संख्येने भागले तर प्रत्येकी वर्षाला चारच्या थोडे वर, दोन वर्षांत सरासरी आठ-नऊ. सरासरी फसवी असते. आफ्रिकेत किंवा ब्राझीलमध्ये एखाद्याला वीस मिळतात, तर पश्चिम युरोपात दोन वर्षांत एखादाच, किंवा एकही नाही. पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार झालेले मिट रॉम्नी 1966 ते 1968 फ्रान्समध्ये मिशनरी होते. वाइनचा देश, आणि दारू सोडा म्हणून सांगायला आलेला अमेरिकी, तोही व्हिएतनाम युद्धाच्या ऐन दिवसांत. दारे कशी लागत असतील ते सांगायला नको.

दिवसातून तीस वेळा 'नको' ऐकणाऱ्याला शंका येत नाहीत असे म्हणणे म्हणजे तो माणूसच नाही असे म्हणणे. पुष्कळ जण घरातली रीत म्हणून निघतात आणि आपला खरोखर विश्वास आहे का, हे तिथे गेल्यावर तपासतात. कार्यपद्धतीच तशी आहे : ऐकणाऱ्याला सांगायचे की ग्रंथ वाच, प्रार्थना कर आणि उत्तर तूच मिळव. हे रोज दुसऱ्याला सांगणाऱ्याला स्वतःपुरते उत्तर टाळता येत नाही. मिशनऱ्याचा पहिला धर्मांतरित तो स्वतःच, असे चर्चमध्येही म्हटले जाते. त्यात आता फोनची भर पडली. जोसेफ स्मिथ यांच्या अनेक बायका, वर्णभेदाचा इतिहास, 'बुक ऑफ मॉर्मन'च्या भाषांतरासाठी स्मिथ यांनी वापरलेला दगड यांवर चर्चने स्वतःच 2013 पासून निबंध प्रसिद्ध केले. दारातला माणूस तेच निबंध उघडून प्रश्न विचारतो आणि काही मुलांना त्यातली माहिती प्रथम तिथेच कळते. काहींची श्रद्धा त्यातून टणक होते. काही जण परतल्यावर चर्च सोडतात, आणि सोडल्यावरही मिशनवर शिकलेल्या पोर्तुगीज किंवा तागालोग भाषेचे, त्या गल्लीतल्या माणसांचे नाव काढले की हळवे होतात.

तेव्हा 'तुला स्वतःला हे पटते का?' असे त्या मुलाला सरळ विचारायला हरकत नाही. तो रागावणार नाही. बहुधा या प्रश्नाची त्याला सवय असते. शेजारी उभ्या साथीदाराचे उत्तर मात्र निराळे निघाले, तर नवल वाटू नये.